फॉलिक्युलर स्टडीचा कागद कसा वाचावा: बीजकोश वाढवणारे हॉर्मोन आणि ग्रोथ फॅक्टर, टप्प्याटप्प्याने

"उजवीकडे १२ बाय ११, डावीकडे एमएसएफ, अस्तर साडेसहा." पाळीच्या नवव्या दिवशी फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे बीजकोश (फॉलिकल) किती वाढलाय ते बघणारी सोनोग्राफी करून निघताना हातात जो कागद पडतो, त्यावर साधारण एवढंच असतं: दोन्ही बाजूंच्या बीजकोशांची मापं आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, मिलिमीटरमध्ये. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई विचारतात, "किती झालं?" ती म्हणते, "बारा." मग घरभर त्या बाराचाच विचार. जावेचं नवव्या दिवशी चौदा होतं म्हणे. आपलं कमी आहे का? आता काय खायचं?

हे आकडे मी वर्षानुवर्षं रोज सकाळी लिहिते. तपासणीच्या टेबलावर ते समजावून सांगायला पाच मिनिटंही मिळत नाहीत, याची मला रुखरुख आहे. म्हणून इथे सावकाश सांगते. औषध कोणतं आणि किती हे तुमच्या डॉक्टरच ठरवतील. पण कागदावरच्या प्रत्येक आकड्यामागे त्या दिवशी अंडाशयात काय चाललंय, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

एक नमुना समोर धरू. २९ दिवसांची पाळी, गोळ्या-इंजेक्शन काही नाही.

दिवस २: उजवीकडे ७ लहान फॉलिकल, डावीकडे ६, अस्तर ४ मिमी
दिवस ९: उजवीकडे १२, डावीकडे एमएसएफ, अस्तर ६.५
दिवस ११: उजवीकडे १६, अस्तर ८
दिवस १३: उजवीकडे २०, अस्तर ९.५, ट्रिपल लाइन
दिवस १५: फॉलिकल फुटलेला, मागे थोडं पाणी

एमएसएफ म्हणजे 'मल्टिपल स्मॉल फॉलिकल्स', म्हणजे बारीक बारीक बरेच. ही शिवी नाही, आजारही नाही. त्या बाजूला या महिन्यात कोणी पुढे गेलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधी हे पक्कं करा: १८ मिलिमीटर म्हणजे अंडं नव्हे

"अंड्याची साइज अठरा झाली" असं सगळेच म्हणतात, आम्हीही बोलून जातो. मोजलेला असतो तो फॉलिकल, म्हणजे बीजकोश: पाण्याने भरलेली, पिकल्या करवंदाएवढी पिशवी. तिच्या आतल्या भिंतीवर दाणेदार पेशींचे, ग्रॅन्युलोसा पेशींचे थर असतात आणि त्या पेशींच्या एका छोट्या ढिगात अंडं बसलेलं असतं. अंड्याचा व्यास जेमतेम ०.१ मिमी, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्याही साधारण एक दशांश. सोनोग्राफीत ते दिसत नाही. पिशवी मोठी झाली म्हणजे आतलं अंडं तयार असण्याची शक्यता वाढली, इतकंच आपण म्हणू शकतो.

या पिशवीत तिघांचा संसार असतो. मध्यभागी अंडं, त्याच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशी आणि बाहेरून थीका पेशींचं आवरण. थीकाच्या थरात रक्तवाहिन्या असतात, ग्रॅन्युलोसाच्या थरात त्या नसतात. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तावाटे येणारे निरोप म्हणजे हॉर्मोन. शेजारच्या पेशीने शेजारच्या पेशीला दिलेले निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर. या दोन्ही प्रकारचे निरोप जुळले तरच फॉलिकल पुढे सरकतो.

पहिला टप्पा: जे कागदावर येतच नाही

मुलगी आईच्या पोटात २० आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. त्यातली आयुष्यभरात चार-पाचशेच बाहेर पडतात. बाकीची वाटेतच विरतात, आणि ते तुमच्या कोणत्याही चुकीमुळे नव्हे. अंडाशयाचं काम असंच चालतं.

हा साठा निजलेला असतो. त्यातले थोडे थोडे बीजकोश रोज जागे होतात आणि त्यासाठी पिट्युटरीचा हुकूम लागत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असोत, गरोदरपण असो, पाळी सुरू व्हायच्या आधीचं बालपण असो, हे जागं होणं चालूच राहतं. कोण जागं होणार हे ग्रोथ फॅक्टर ठरवतात. भोवतालच्या पेशी किट लिगँड नावाचं प्रथिन अंड्याकडे पाठवतात आणि अंड्याला वाढीची चालना मिळते. आधीच वाढायला लागलेले बीजकोश एएमएच हे हॉर्मोन सोडतात आणि निजलेल्यांना थोपवून धरतात. तुमच्या रिपोर्टमधलं एएमएच ते हेच. मुळात तो एक ब्रेक आहे, साठ्याचा अंदाज घ्यायला आपण तो उसना वापरतो.

पुढची गोष्ट मला फार आवडते. जागं झालेलं अंडं नुसतं पोसलं जात नाही, ते स्वतः हुकूम सोडू लागतं. जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही दोन प्रथिनं अंडं बनवतं, आणि त्यांच्या जोरावर भोवतालच्या ग्रॅन्युलोसा पेशी वाढतात, थर चढतात. ज्या उंदरांत जीडीएफ-९ चं जनुक काढून टाकलं, त्यांचे बीजकोश एका थरापाशीच अडकून राहिले.

याचा एक पुरावा आमच्या सातारा जिल्ह्यातच चरतो आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं 'फेक-बी' जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होतं, हिला बरेचदा जुळी होतात. २००१ साली कळलं की फेक-बी म्हणजे बीएमपीचा निरोप घेणाऱ्या एका ग्राहक प्रथिनातला छोटासा बदल आहे. त्या बदलामुळे बीजकोश लहान आकारातच पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन फुटतात. म्हणजे पिकणं हे नुसत्या आकारावर नसतं, आतल्या पेशी निरोपाला किती तयार आहेत त्यावर असतं. मेंढीचे आकडे बाईला लावायचे नाहीत, पण तत्त्व तेच.

या टप्प्यात तुम्ही काय करायचं? एक म्हणजे धीर धरायचा. पोकळी न धरलेल्या लहान बीजकोशाला तिथून फुटेपर्यंत सुमारे ८५ दिवस लागतात, आणि त्याआधीचे महिने वेगळे. आज पडद्यावर दिसणारा फॉलिकल आठवडाभराच्या आहाराने घडलेला नाही. थायरॉइड, साखर, वजन यांत सुधारणा केली असेल तर तिला निदान तीन महिने द्या. सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी सरासरी एक-दोन वर्षं लवकर जाते. दुसरं म्हणजे, अंडाशयात पीआरपीचं (आपल्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स भरपूर असलेल्या द्रावाचं) इंजेक्शन देऊन 'साठा वाढवतो' असं कोणी सांगत असेल तर थांबा. पीआरपीत प्लेटलेट्समधले ग्रोथ फॅक्टर असतात हे खरं. पण त्याने मूल होण्याची शक्यता खात्रीने वाढते, याचा पुरेसा पुरावा अजून नाही. खर्च करण्याआधी तेवढा प्रश्न नक्की विचारा.

दुसरा टप्पा: दिवस २-३, रक्त आणि पहिली सोनोग्राफी

आधीच्या पाळीचे प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि इनहिबिन-ए हे अंडाशयातले हॉर्मोन खाली आले, की पिट्युटरीवरचा दाब उठतो आणि एफएसएच, म्हणजे बीजकोश वाढवणारं पिट्युटरीचं हॉर्मोन, चढतं. त्या वेळी २ ते ५ मिमीचे जे बीजकोश तयार असतात, ते उचलले जातात. नमुन्यातले ७ आणि ६ ते हेच.

या दिवसाचा रिपोर्ट वाचताना एफएसएच एकटं कधीच वाचू नका, शेजारी एस्ट्राडिऑल (ई-टू), म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, बघा. कारण असं. एफएसएच ७ आलं, सगळे खूश. पण ई-टू ८० पिकोग्रॅमच्या वर आहे. म्हणजे एखादा फॉलिकल लवकरच वाढून बसलाय, त्याचं इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबतंय आणि म्हणून एफएसएच खोटं खोटं चांगलं दिसतंय. याउलट ई-टू कमी असताना एफएसएच वारंवार १० च्या वर येत असेल, तर अंडाशयाला जागं करायला पिट्युटरीला ओरडावं लागतंय असं समजा.

एएमएच पाळीच्या कोणत्याही दिवशी करता येतं. रिपोर्टवर एकक बघा: काही लॅब नॅनोग्रॅम देतात, काही पिकोमोल. १ नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ७ पिकोमोल. एकीचं 'चौदा' आणि दुसरीचं 'दोन' हा एकच आकडा असू शकतो. या घोळात रडून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी लॅबला सांगा. जास्त डोसच्या बायोटिनमुळे हॉर्मोनच्या काही तपासण्या चुकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच थोडं कमी येतं, तेही सांगून ठेवा.

आणि एएमएच कमी आलं म्हणून 'आता मूल होणार नाही' असं कोणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. एएमएच साठा किती ते सांगतं, अंडं कसं ते नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कमी नव्हती. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) इंजेक्शनला किती अंडी मिळतील याचा अंदाज मात्र एएमएचवरून चांगला येतो. अंड्याची प्रत मुख्यतः वयावर ठरते.

प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) याच वेळी बघून घ्यावं. प्रोलॅक्टिन चढलं की मेंदूतूनच पिट्युटरीला जाणारे ठोके मंदावतात. मग खाली अंडाशय कितीही चांगलं असो, वाढ अडते.

तिसरा टप्पा: दिवस ५ ते ९, एकीची निवड

सगळ्यात रंगतदार भाग हाच. तेरा जणी धावायला निघाल्या, पोचणार एक.

थीका पेशींना पिट्युटरीकडून एलएच हे दुसरं हॉर्मोन मिळतं आणि त्या अँड्रोजेन बनवतात. हो, तेच ज्याला आपण 'पुरुषी हॉर्मोन' म्हणतो. ते आत ग्रॅन्युलोसाकडे जातं. एफएसएचच्या हुकमाने ग्रॅन्युलोसा पेशी अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि त्या अँड्रोजेनचं इस्ट्रोजेन करून टाकतात. एका घरी दळण, दुसऱ्या घरी भाकरी. दोन्ही घरं चालली तरच ताटात काही येतं.

इस्ट्रोजेन आणि इनहिबिन-बी रक्तात वाढलं, की पिट्युटरी एफएसएच कमी करते. आता खाणं आटलं. जे मागे आहेत ते उपाशी पडून विरतात. जो पुढे आहे, तो साधारण १० मिमीच्या आसपास, थोड्या एफएसएचवर भागवायला शिकलेला असतो. त्याच्या आत आयजीएफ हा ग्रोथ फॅक्टर मोकळा होतो, आयजीएफला धरून ठेवणारी प्रथिनं तिथे तोडली जातात आणि तेवढ्याच एफएसएचचा परिणाम वाढतो. व्हीईजीएफ या ग्रोथ फॅक्टरमुळे त्याच्या आवरणात नव्या रक्तवाहिन्या जास्त तयार होतात, त्यामुळे रक्तातून येणारा वाटाही त्यालाच जास्त. शिवाय त्याच्या ग्रॅन्युलोसावर एलएचचे ग्राहक उगवतात, म्हणजे एफएसएच कमी पडलं तरी एलएचवर पोट भरतं.

आता नमुन्यातलं '१२, डावीकडे एमएसएफ' पुन्हा वाचा. बाराला महत्त्व आहे ते तो एकटा पुढे गेलाय म्हणून. जावेचा चौदा आणि तुमचा बारा यांत काही फरक नाही. नवव्या दिवशी ७-८ चे आठ-दहा सारखे दिसत असतील आणि बाराव्या दिवशीही तसेच असतील, तर मात्र निवड अडली आहे.

पीसीओएसमध्ये, आपल्या बोलण्यातल्या पीसीओडीत, नेमकं हेच होतं. त्या 'गाठी' नसतात. निवडीच्या आधी थबकलेले बीजकोश असतात ते. एएमएच जास्त असल्याने ग्रॅन्युलोसा एफएसएचला दाद देत नाही. एलएच चढं आणि इन्सुलिनही चढं असल्याने थीका अँड्रोजेनचं दळण दळतच राहते. इन्सुलिन इथे ग्रोथ फॅक्टरसारखंच वागतं, म्हणून वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यावर बऱ्याच जणींचं बीज औषधाशिवाय फुटू लागतं. शस्त्रक्रिया करून त्या 'गाठी काढायला' कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

गोळ्यांचं कामही इथेच कळतं. बीज वाढवायला देतात ती लेट्रोझोलची गोळी अरोमाटेजला काही दिवस रोखते, इस्ट्रोजेन घसरतं, पिट्युटरीला वाटतं कमी पडलं आणि ती एफएसएच वाढवते. म्हणूनच ती गोळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाचच दिवस देतात. निवड झाल्यावर तिचा उपयोग नाही. दिवस चुकवू नका.

इंजेक्शनने बाहेरून एफएसएच दिलं तर खाणं आटतच नाही, आणि एकाऐवजी अनेक बीजकोश मोठे होतात. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ साली टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगात हेच केलं होतं. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलेलं एचएमजी, म्हणजे एफएसएच असलेलं औषध, त्यांनी वापरलं. पाळी गेली की अंडाशयाचा दाब संपतो आणि एफएसएच भरपूर वाहतं, म्हणून ते त्या लघवीत सापडतं.

चौथा टप्पा: १२ पासून २० पर्यंत

आता चढ बघा. दिवसाला साधारण दीड ते दोन मिलिमीटर. नमुन्यात नवव्या दिवशी १२, अकराव्या दिवशी १६, तेराव्या दिवशी २०. अगदी रीतसर. मोजताना एक-दोन मिमीचा फरक पडतो, विशेषतः मोजणारा हात बदलला तर. शक्यतो एकाच ठिकाणी करा, मूत्राशय रिकामं करून झोपा. काल १५ आणि आज १४ आलं म्हणजे फॉलिकल आक्रसला असं धरून चालू नका.

अस्तर म्हणजे इस्ट्रोजेनची दुसरी साक्ष. फॉलिकल खरंच काम करत असेल तर अस्तर त्याच्याबरोबर जाड होतं आणि तीन रेघा दिसतात. फॉलिकल २० चा पण अस्तर ४ वरच, असा कागद आला तर विचारा: ही मागच्या महिन्याची उरलेली पाण्याची पिशवी तर नाही? रक्तातलं ई-टू केलं तर उलगडतं. एका पिकलेल्या फॉलिकलमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम ई-टू असतं.

पाचवा टप्पा: फुटणं

आतापर्यंत इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबत होतं. पण २०० पिकोग्रॅमच्या वर सुमारे ५० तास टिकलं, की तेच इस्ट्रोजेन उलटा हुकूम देतं आणि एलएचची लाट उसळते. लाट सुरू झाल्यापासून ३४ ते ३६ तासांनी अंडं बाहेर पडतं.

गंमत अशी की अंड्याला स्वतःला एलएच ऐकूच येत नाही. एलएचचे ग्राहक भिंतीच्या पेशींवर. त्या पेशी अँफिरेग्युलिन आणि एपिरेग्युलिन असे ईजीएफ घराण्यातले ग्रोथ फॅक्टर सोडतात, ते निरोप अंड्याभोवतीच्या ढिगापर्यंत नेतात. ढीग फुगतो, चिकट होतो, आणि तुम्ही आईच्या पोटात असताना अर्ध्यावर थांबलेलं त्या अंड्याचं विभाजन आता पुन्हा सुरू होतं.

इथे वेळेचं महत्त्व सगळ्यात जास्त. बीज फुटण्यासाठी देतात ते ट्रिगरचं इंजेक्शन, एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं हॉर्मोन), एलएचच्याच ग्राहकांवर बसतं. रात्री दहा सांगितलं असेल तर दहाच. उशीर झाला तर लपवू नका, फोन करून सांगा. घरी एलएचची पट्टी वापरत असाल तर पीसीओएसमध्ये ती फसवते, कारण एलएच मुळातच चढं असतं.

भिंत फाटायला प्रोस्टाग्लँडिन लागतं. म्हणून या दोन-चार दिवसांत अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, फुटणं अडू शकतं. पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा. संबंध ठेवायचे ते फुटण्याच्या आधीच्या दोन दिवसांत. 'फुटल्याचा रिपोर्ट आल्यावर बघू' म्हणून बरेच जण महिना घालवतात. अंडं फारतर एक दिवस टिकतं, शुक्रजंतू तीन ते पाच दिवस.

आयव्हीएफच्या इंजेक्शनांनंतर पोट फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली किंवा श्वास लागला, तर लगेच दवाखाना गाठा. अनेक फॉलिकलमधून सुटलेल्या व्हीईजीएफमुळे रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं. ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

सहावा टप्पा: फुटल्यानंतर

रिकामी पिशवी वाया जात नाही. तिचा पीतपिंड होतो, त्यात झपाट्याने रक्तवाहिन्या शिरतात. कलर डॉप्लर लावला की भोवती लालकेशरी कडं पेटल्यासारखं दिसतं. प्रोजेस्टेरॉन तिथूनच येतं आणि तीन रेघांचं अस्तर एकसारखं पांढरं होतं.

प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी' करा असं छापील सांगितलं जातं. ते २८ दिवसांच्या पाळीपुरतं. खरा दिवस म्हणजे पुढच्या पाळीच्या आधी सात. पाळी ३५ दिवसांची असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी. एकविसाव्याला केली तर कमी येणारच, आणि 'बीज फुटलं नाही' असा शिक्का उगीच बसेल. ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज फुटल्याचं धरतात.

एचसीजीचं ट्रिगर घेतलं असेल तर दहा ते चौदा दिवस घरची प्रेग्नन्सी टेस्ट करू नका. पट्टीवर उमटणारी दुसरी रेघ इंजेक्शनचीच असू शकते.

दिवस राहिले नाहीत तर पीतपिंड साधारण चौदा दिवसांनी मावळतो, प्रोजेस्टेरॉन पडतं आणि पाळी यायच्या आधीच एफएसएच पुन्हा चढायला लागतं. पुढच्या तुकडीची उचल तुम्ही पाळीची वाट बघत असतानाच सुरू झालेली असते. म्हणून पाळी आली की त्याच दिवशी फोन करून दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या, आणि येताना हा जुना कागद बरोबर आणा. मागच्या वेळी कितव्या दिवशी दहाच्या पुढे गेला होता, कोणत्या बाजूने, आणि फुटायला किती दिवस लागले, हे त्यावरूनच आम्हाला कळतं.